वाचकांचे प्रश्न : बॉटम ब्रॅकेट बदलताना

प्रश्न : माझ्या अ‍ॅल्युमिनियम फ्रेमच्या जुन्या माउंटन बाइकला स्क्वेअर टेपर बॉटम ब्रॅकेट (पेडलचे दांडे, म्हणजे क्रँक, ज्यावर फिरतात तो एक्सल-बेअरिंगचा भाग) आहे. पावसाळा संपल्यापासून चढावर जोर लावला की क्रँकपाशी कटकट आवाज येतो. दुकानदार होलोटेक बसवून घ्या म्हणतात, तर एका मित्राच्या मते नव्या सायकलींना प्रेस-फिट येतो, म्हणून तोच सर्वांत चांगला. मी काय करावे?
– एक वाचक, सातारा

उत्तर : मित्राची सूचना प्रथम बाजूला ठेवू, कारण ती आपल्या सायकलीला लागूच होत नाही. बॉटम ब्रॅकेट कोणता बसेल, हे फ्रेमच्या तळाशी असलेल्या आडव्या नळीवर, म्हणजे शेलवर ठरते. स्क्वेअर टेपर असलेल्या माउंटन बाइकच्या शेलला बहुधा आतून आटे पाडलेले असतात. त्यांचा व्यास १.३७ इंच, इंचाला २४ आटे आणि शेलची रुंदी ६८ किंवा ७३ मिलिमीटर असते. प्रेस-फिटला, म्हणजे दाबून बसवायच्या ब्रॅकेटला, याहून मोठ्या व्यासाचे, बिनआट्यांचे गुळगुळीत शेल लागते. होलोटेक, म्हणजे शिमानो कंपनीचा होलोटेक २, मात्र आपल्या याच आट्यांवर बसतो, त्यामुळे दुकानदाराचा सल्ला निदान शक्य कोटीतला आहे. तो आवश्यक आहे का, हा वेगळा प्रश्न.

आवाज खरोखर बॉटम ब्रॅकेटचाच आहे का, हे आधी तपासावे, कारण पेडल, चेनरिंगचे (क्रँकवरच्या दातेरी चाकाचे) बोल्ट किंवा सीटपोस्ट (सीटचा दांडा) यांचा आवाजही फ्रेममधून येऊन क्रँकपाशीच होत असल्याचा भास होतो. दोन्ही क्रँक हातांत धरून आडवे, फ्रेमच्या दिशेने व उलट हलवून पाहावेत. दोन्ही एकदम हलले, तर बेअरिंग झिजले आहे किंवा ब्रॅकेट शेलमध्ये सैल झाला आहे. एकच हलला, तर त्या बाजूचा बोल्ट सैल आहे. या दुसऱ्या दोषाकडे अजिबात दुर्लक्ष करू नये. स्क्वेअर टेपरमध्ये पोलादी एक्सलचे चौकोनी, निमुळते टोक अ‍ॅल्युमिनियमच्या क्रँकमध्ये रुतून बसते, आणि बोल्ट सैल असताना सायकल चालवत राहिल्यास मऊ अ‍ॅल्युमिनियमचे ते चौकोनी भोक हळूहळू फाकते. असा क्रँक नंतर कितीही आवळला तरी टिकत नाही. तो बदलावाच लागतो.

आता दोन्ही प्रकारांची तुलना. स्क्वेअर टेपरच्या सीलबंद कार्ट्रिजमध्ये एक्सल आणि बेअरिंग दोन्ही शेलच्या आत असतात, त्यामुळे चिखलपाण्यापासून त्यांना बऱ्यापैकी आडोसा मिळतो आणि चांगल्या प्रतीचे कार्ट्रिज कित्येक वर्षे तक्रार करीत नाही. एक्सल जाड केला की त्याच शेलमध्ये बेअरिंगला जागा कमी उरते, ही या रचनेची मर्यादा. ऑक्टालिंक आणि आयसिस या मधल्या काळातील प्रकारांना नेमकी हीच अडचण भोवली, कारण त्यांत छर्रे बारीक करावे लागले. शिमानोने २००३ च्या सुमारास आपल्या एक्सटीआर मालिकेतील क्रँकसेटबरोबर (क्रँक व चेनरिंगच्या संचाबरोबर) आणलेल्या होलोटेक २ मध्ये बेअरिंग शेलच्या बाहेर काढले आणि २४ मिलिमीटर व्यासाचा पोकळ एक्सल उजव्या क्रँकलाच कायम जोडून टाकला. परिणामी वजन घटले, पायाखालची लवचीकता कमी झाली आणि मुख्य म्हणजे क्रँक काढण्यासाठी पुलरची (ओढून काढण्याच्या हत्याराची) गरज संपली. त्याची उणी बाजू दुकानात सहसा सांगितली जात नाही : बाहेर आलेले बेअरिंग चिखलाच्या थेट माऱ्यात असते, आणि सह्याद्रीतल्या पावसात ते चांगल्या कार्ट्रिजपेक्षा लवकर खराब होऊ शकते. त्याचे कप, म्हणजे बेअरिंगसह शेलमध्ये आवळायचे भाग, स्वस्त असतात आणि घरच्या घरी बदलता येतात, ही भरपाई मात्र खरी आहे.

माझे मत असे की, आपल्या क्रँकचे भोक शाबूत असेल आणि चेनरिंगचे दात झिजलेले नसतील, तर त्याच मापाचे नवे कार्ट्रिज घालावे. होलोटेक घ्यायचा म्हणजे क्रँकसेटही नवा घ्यावा लागतो आणि खर्च कितीतरी पटींनी वाढतो. जुन्या कार्ट्रिजवर शेलची रुंदी आणि एक्सलची लांबी, उदाहरणार्थ ६८ व ११३, छापलेली असते. एक्सलची लांबी बदलली की चेनची रेषा बिघडते आणि गिअर नीट पडत नाहीत. क्रँक बिघडलेला असल्यास होलोटेकच घ्यावा, हेही तितकेच निश्चित. त्या वेळी ७३ च्या शेलवर सर्वसाधारणपणे चेनच्या बाजूला २.५ मिलिमीटरचा एक स्पेसर (मधे घालायची कडी), तर ६८ च्या शेलवर चेनच्या बाजूला दोन व डाव्या बाजूला एक स्पेसर लागतो, हे मेकॅनिककडून पाहून घ्यावे.

दोन्ही प्रकारांत चेनच्या बाजूचे आटे उलटे असतात, म्हणून तो कप घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवला की सुटतो. हे माहीत नसल्यामुळे पान्याला नळी लावून जोर करणारे आणि शेलचे आटे खराब करून बसणारे लोक कमी नाहीत. नवा ब्रॅकेट बसवताना आट्यांना ग्रीस लावावे. पावसाळ्यात सीटपोस्टजवळून शिरलेले पाणी नळीतून थेट शेलमध्ये साचते. मुसळधार पावसात सायकल चालवल्यास सीटपोस्ट काढून सायकल उलटी करावी आणि पाणी निथळू द्यावे.

प्रश्न : मी घेऊ पाहत असलेल्या नव्या कार्बन माउंटन बाइकला प्रेस-फिट बॉटम ब्रॅकेट आहे. तेवढ्यासाठी ती नाकारावी का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : तेवढ्यासाठी नाकारू नये, पण चौकशी अवश्य करावी. प्रेस-फिट असला की कार्बनच्या फ्रेममध्ये आट्यांसाठी धातूची बाही बसवावी लागत नाही आणि रुंद शेलमुळे खालची नळी जाड ठेवता येते, म्हणून उत्पादकांना ही रचना सोयीची वाटते. तिचे यश मात्र शेलच्या भोकाच्या अचूकतेवर अवलंबून असते. हे भोक किंचित लंबगोल असले किंवा दोन्ही बाजू एका रेषेत नसल्या, तर आवाज सुरू होतो आणि नुसता ब्रॅकेट बदलून तो कायमचा जात नाही. शिवाय जुना ब्रॅकेट ठोकून काढावा लागतो आणि त्यात तो सहसा निकामी होतो. अलीकडे अनेक उत्पादक पुन्हा आट्यांकडे वळले आहेत, ते काही उगीच नाही. आपल्या सायकलीला स्रॅम या कंपनीचा ‘डब’ प्रकारचा क्रँक असेल, तर त्याचा एक्सल २८.९९ मिलिमीटरचा असतो आणि त्यात २४ मिलिमीटरचा शिमानोचा ब्रॅकेट चालत नाही. म्हणून सुटा भाग मागवताना शेलचे माप आणि क्रँकचा प्रकार दोन्ही लिहून द्यावेत. नाशिकमधील आपल्या मेकॅनिककडे प्रेस-फिट बसवण्याचा प्रेस आहे, की तो लाकडी ठोकळा आणि हातोडी वापरतो, हे पैसे भरण्यापूर्वी विचारून घ्यावे.