ठाणे कोर्टात वकिली करता करता कायद्यात पीएचडीला अर्ज कसा करायचा?

एलएलएमला 58 टक्के, ठाणे कोर्टात प्रॅक्टिस, राहायला कळव्याला. पीएचडीसाठी अर्ज कुठे करायचा आणि त्यासाठी वकिली सोडावी लागेल का, असं तुम्ही विचारलंय. मी नोकरी सांभाळून कायद्यात पीएचडी केली आणि आता नवी मुंबईत एलएलबीच्या मुलांना शिकवतो. ओळखीतले बरेच वकील अर्जाआधी सिनॉप्सिस, म्हणजे संशोधनाचा आराखडा, वाचायला देतात. बहुतेकांची गाडी एकाच ठिकाणी अडते, ते म्हणजे विषय. कागदपत्रं काय, कुणीही जमवतो.

तरी पात्रतेचं आधी सांगून टाकतो. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2022 च्या नियमांप्रमाणे पदव्युत्तर पदवीला 55 टक्के लागतात (राखीव प्रवर्ग, ईडब्ल्यूएस आणि दिव्यांगांना 5 टक्के सवलत), म्हणजे तुमचं काम झालं. विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेत निम्मे प्रश्न संशोधन पद्धतीवर आणि निम्मे कायद्यावर असतात, पास व्हायला 50 टक्के लागतात. पुढे गुणवत्ता यादीत लेखीला 70 आणि मुलाखतीला 30 असं वजन. वकील मंडळी कायद्याचा भाग सहज काढतात आणि संशोधन पद्धतीत गुण घालवतात, तेव्हा अभ्यास तिथून सुरू करा. 2024 पासून नेटमध्ये (यूजीसीच्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेत) फक्त पीएचडी प्रवेशासाठी पात्र ठरण्याचाही वेगळा गट आहे. त्या गटातले गुण एक वर्ष चालतात. तुमच्या जवळचे पर्याय म्हणजे मुंबई विद्यापीठाचा विधी विभाग आणि पवईचं महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठ.

आता विषयाचं. 'भारतातील गृहनिर्माण कायदे: एक चिकित्सक अभ्यास' असलं शीर्षक घेऊन मुलाखतीला जाऊ नका. पहिल्याच प्रश्नाला तोंड बंद होतं, कारण त्यात विचारलंय काय तेच कळत नाही. त्यापेक्षा रोज हाताखालून जाणारं काम बघा. ठाण्यात सोसायट्यांचं काम करणाऱ्या वकिलाकडे डीम्ड कन्व्हेयन्सची, म्हणजे बिल्डरच्या सहीविना जमीन सोसायटीच्या नावावर करून घेण्याची, फाइल असतेच. बिल्डरने जमीन सोसायटीच्या नावावर करून दिली नाही, तर मोफाच्या (महाराष्ट्राच्या फ्लॅट मालकी कायद्याच्या) कलम 11 खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करायचा, ही सोय 2008 च्या दुरुस्तीने आली. अर्जाचा निकाल जास्तीत जास्त सहा महिन्यांत लागावा असं कलमातच आहे. इथे तुमचा प्रश्न तयार होतो: ठाणे जिल्ह्यात ठरावीक पाच वर्षांत आलेल्या अर्जांपैकी किती या मुदतीत निकाली निघाले, आणि उरलेले कशामुळे अडले? कागद अपुरे होते, जमीनमालकाची हरकत होती, की एकाच लेआउटमध्ये अनेक इमारती असल्याने कुणाच्या वाट्याला किती जमीन हेच ठरत नव्हतं? त्याला जोडून डॉक्ट्रिनल, म्हणजे कायद्याच्या मजकुराचा अर्थ लावण्याचा, भागही आहे: रेराचं (केंद्राच्या स्थावर संपदा कायद्याचं) कलम 17 कन्व्हेयन्सबद्दलच बोलतं आणि मोफा अजून रद्द झालेला नाही, मग दोन्ही एकत्र कसे वाचायचे?

असा प्रश्न हाती असला की सिनॉप्सिस आपोआप आकार घेतो. मात्र अर्जाआधी एक खात्री करा: माहिती मिळणार आहे का? थोड्या आदेशांच्या प्रती माहितीच्या अधिकारात मागून बघा. काय मिळालं, कुठल्या नोंदी ठेवलेल्याच नाहीत, हे मुलाखतीत सांगता आलं तर समिती तुमच्याकडे गंभीरपणे पाहते. शिवाय शोधगंगा या संकेतस्थळावर देशभरातले प्रबंध मोफत वाचता येतात. तुमच्या विषयाच्या जवळचे दोन-तीन प्रबंध पूर्ण वाचा. त्यांनी सोडलेली जागा प्रस्तावात दाखवा.

गाइडचा शोध अर्जासोबतच सुरू करा. नियमाने प्रोफेसरकडे एका वेळी आठ, असोसिएट प्रोफेसरकडे सहा आणि असिस्टंट प्रोफेसरकडे चारच विद्यार्थी असू शकतात, आणि निवृत्तीला तीन वर्षांहून कमी काळ उरला असेल तर ते नवीन विद्यार्थी घेऊ शकत नाहीत. म्हणून विभागाच्या यादीत रिक्त जागा आधी बघा, त्या प्राध्यापकांचे लेख वाचा, मग दोन पानांची टिपणी पाठवा. नुसतं 'सर, मार्गदर्शन कराल का' असं विचारू नका.

वकिली सोडायची गरज नाही, पार्ट-टाइम पीएचडी नियमात बसते. नोकरदाराला त्यासाठी मालकाचं ना हरकत प्रमाणपत्र द्यावं लागतं. तुमची स्वतंत्र प्रॅक्टिस असल्याने त्याऐवजी काय चालेल, हे विद्यापीठाला लेखी विचारून ठेवा. जेआरएफ (नेटमधून मिळणारी संशोधन शिष्यवृत्ती) किंवा बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांची फेलोशिप हवी असेल तर मात्र गणित बदलतं, कारण ती पूर्णवेळ संशोधनासाठी असते. सुरुवातीला किमान 12 क्रेडिटचा कोर्सवर्क असतो. त्या काळात तारखा कोण सांभाळणार, हे ज्युनियरशी किंवा सहकाऱ्याशी आधीच बोलून घ्या. एकूण मुदत कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त सहा वर्षं. पुनर्नोंदणी करून आणखी दोन मिळू शकतात.

पैसे घेऊन सिनॉप्सिस लिहून देणारे तुम्हाला भेटतीलच. त्यांच्या वाटेला जाऊ नका. प्रबंध सादर झाल्यावर तोंडी परीक्षेत परीक्षकांसमोर त्यातल्या प्रत्येक ओळीचं उत्तर तुम्हालाच द्यायचं आहे.