डायलिसिस चालू असताना वडिलांच्या हृदयाची काळजी कशी घ्यावी?

तुम्ही लिहिलंय की वडील ६२ वर्षांचे, वजन साठच्या आसपास, जुना मधुमेह. तीन महिन्यांपासून आठवड्यातून दोनदा डायलिसिस. आता एकोमध्ये (हृदयाच्या सोनोग्राफीत) हृदयाचं पंपिंग ४० टक्के आलं, आणि किडनीच्या आजारात हे हृदयाचं कुठून निघालं असं तुम्ही विचारताय.

मी डॉक्टर नाही. डायलिसिस टेक्निशियन आहे, चौदा वर्षं झाली. त्यामुळे गोळ्यांचं काही सांगणार नाही, पण रोज जे डोळ्यांसमोर दिसतं ते सांगतो. डायलिसिसवरची माणसं सर्वात जास्त दगावतात ती हृदयामुळे. घरचे मात्र क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनीच्या रक्ततपासणीचा आकडा विचारत बसतात. आम्ही सगळ्यात आधी वजनाचा काटा बघतो.

आमच्याकडे सोमवारी पहिल्या शिफ्टला एक काका यायचे. काट्यावर चढण्याआधी चपला काढायचे, खिशातल्या किल्ल्या काढायचे, मग चष्मासुद्धा काढून माझ्या हातात द्यायचे. शनिवारी पुतणीचं लग्न झालं होतं. काटा म्हणाला, साडेचार किलो वाढ. दोन-तीन दिवसांत चरबी एवढी वाढत नाही, ते सगळं पाणीच. लघवी होत नसेल तर ते जाणार कुठे? रक्तात भरतं, पायावर उतरतं, फुफ्फुसात साचतं, आणि एवढा वाढीव भार हृदय दिवसरात्र ढकलत राहतं. ढकलून ढकलून त्याची भिंत जाड होते, पुढे ते थकतं.

बरं, साचलं ते डायलिसिसच्या चार तासांत ओढून काढू म्हटलं तरी पंचाईत. वजनाच्या प्रत्येक किलोमागे तासाला १३ मिलीपेक्षा जास्त पाणी काढू नये असा आमचा हिशेब असतो. साठ किलोच्या माणसाचे चार तासांत जेमतेम तीन लिटर होतात. त्याहून घाईने ओढलं की पायात गोळे येतात, जांभया सुरू होतात, बीपी पडतं. बीपी पडलं की हृदयाच्या स्नायूलाच रक्त कमी पडतं आणि त्याचा काही भाग तेवढ्यापुरता सुन्न होतो. हे आठवड्यामागून आठवडे झालं तर पंपिंग उतरणारच. काकांना त्या दिवशी पाऊण तासात सलाईन द्यावं लागलं, म्हणजे काढलेलं पाणी परत आत!

म्हणून घरी 'पाणी कमी प्या' म्हणून भांडण्यापेक्षा मीठ कमी करा. साधारण आठ ग्रॅम मीठ पोटात गेलं की शरीर लिटरभर पाणी मागून घेतं. पापड, लोणचं, फरसाण, सुकी मासळी, शेंगदाण्याची खारट चटणी, यांचा हिशेब कुणी करत नाही. पण मीठ कमी करायचं म्हणून दुकानातून 'लो सोडियम' मीठ अजिबात आणू नका. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं, आणि पोटॅशियम वाढलं की हृदयाचे ठोके बिघडून ते थेट थांबूही शकतं. छातीत दुखेलच असं नाही. कधी नुसते पाय गळून जातात. आजाऱ्याला भेटायला येणारे शहाळं घेऊन येतात, ते पाहुण्यांनाच पाजा. मोसंबीचा रस, खजूर, केळी यांचंही तेच. भाज्या चिरून भरपूर पाण्यात उकळायच्या आणि ते पाणी ओतून द्यायचं.

आता तुमच्या एकोबद्दल. तो कधी काढला होता? डायलिसिसच्या आधी, अंगात पाणी भरलेलं असताना काढला असेल तर पूर्ण चित्र दिसत नाही. ड्राय वेटवर (जादा पाणी काढून टाकल्यावरचं वजन) असताना, शक्यतो डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा काढायचा का, हे नेफ्रॉलॉजिस्टना (किडनीच्या डॉक्टरांना) विचारा. ड्राय वेट नीट बसवल्यावर पंपिंग सुधारलेले पेशंट मी पाहिलेत. सगळ्यांचं सुधारतं असं म्हणत नाही.

दुसरं विचारायचं ते तिसऱ्या डायलिसिसबद्दल. अमेरिकेत ३२ हजारांवर पेशंटचा अभ्यास २०११ साली छापून आला. ते आठवड्यातून तीनदा डायलिसिस घेणारे होते, तरी दोन दिवसांच्या सुट्टीनंतरच्या दिवशी मृत्यू आणि हृदयाचे त्रास जास्त दिसले. आपल्याकडे दोनदावाल्यांची सुट्टी त्याहून लांब. पैशांमुळे आणि येण्याजाण्यामुळे लोक दोनदावर थांबतात, ते मला कळतं. महात्मा फुले योजनेत डायलिसिस बसतं. तुमच्या केंद्रावर चौकशी करा.

हिमोग्लोबिन, फॉस्फरस कमी करायच्या गोळ्या (जेवणासोबतच घ्यायच्या, नंतर आठवण आली म्हणून नाही), डायलिसिसच्या सकाळी बीपीची गोळी घ्यायची की नाही, हे सगळं डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या.

मधुमेह्यांना हार्ट अटॅक छातीत न दुखताही येतो. रात्री एकाच्या दोन उशा लागायला लागल्या, आडवं झालं की खोकला येतोय, बाथरूमपर्यंत जाऊन धाप लागतेय, तर पुढच्या डायलिसिसची वाट बघू नका. रात्र असली तरी दवाखान्यात न्या.

आणि एक काटा घ्या. रोज सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, तेवढ्याच कपड्यांत वजन करून वहीत लिहा. दोन डायलिसिसमध्ये किती वाढ येते आणि एको कोणत्या दिवशी काढला होता, एवढं खाली लिहिलंत तर पुढचं बोलता येईल.