आम्हा पाच मित्रांना ३० फुटी शिडाच्या बोटीने चार दिवस किनाऱ्याने फिरायचं आहे; रोज नवं बंदर, आणि चौथ्या संध्याकाळी सगळ्यांना घरी निघायचंय. हवामानामुळे बेत बदलावा लागला तर आधीपासून काय तयारी ठेवावी?

पाच जण, ३० फुटी बोट, रोज नवं बंदर आणि चौथ्या संध्याकाळी सगळ्यांना घरी निघायचंय, असं तुम्ही लिहिलंय. मी पहिली काट मारीन ती या शेवटच्या अटीवर. शेवटचं बंदर आणि तारीख दोन्ही पक्की ठेवली, की एरवी ज्या वाऱ्यात कुणी दोर सोडला नसता त्या वाऱ्यात लोक निघतात. तारीख पक्की असेल तर जिथे असाल तिथून रस्त्याने परतायची तयारी ठेवा. बंदर पक्कं असेल तर दोन दिवस जास्तीचे धरा.

वेगाचा हिशेब कागदावर नेहमी गोड दिसतो. या आकाराच्या बोटीला ५ नॉट, म्हणजे तासाला ५ सागरी मैल, धरतात, पण ते वारा बाजूने किंवा मागून असताना. वारा समोरून आला की नागमोडी जावं लागतं, अंतर जवळपास दीडपट होतं, लाटाही वेग खातात. मुक्कामाच्या दिशेने पदरात पडतात जेमतेम ३ नॉट. म्हणजे २५ सागरी मैल एरवी ५ तासांचे, वारा नाकावर असेल तर ८ तासांहून जास्त. म्हणून दिवसाला २५ मैलांच्या पुढे जाऊ नका, आणि सूर्यास्ताच्या २ तास आधी पोचायचंच असं धरून मागे मोजा. वाऱ्याविरुद्धचा टप्पा शक्यतो पहिल्याच दिवशी उरका. वारा बदलला नाही तर परतीला तो पाठीशी राहतो, तेव्हा तोवर दमलेली मंडळीही निभावून नेतात.

आदल्या रात्री वहीत तीन ओळी लिहा: कुठे जायचं, वाटेत कुठे शिरता येईल, आणि मागे कधी फिरायचं. तिसरी ओळ आकड्यात हवी. ‘११ वाजेपर्यंत भूशिराला वळसा पडला नाही तर परत.’ पाण्यावर गेल्यावर ‘फिरूया का’ हे पहिल्यांदा बोलायला कुणी धजत नाही. वहीत लिहिलेलं असलं की बोलावं लागत नाही. वाऱ्याची मर्यादाही तिथेच लिहा. ११ ते १६ नॉटला खुशाल निघा. १७ ते २१ ला किमान दोघं अनुभवी हवेत. २१ च्या वर बंदरातच पत्ते खेळा. अंदाजातला आकडा सरासरीचा असतो, सोसाटा त्याहून बराच वर जातो. शिवाय दाब वेगाच्या वर्गाने वाढतो: १५ नॉटचा वारा २१ झाला, तर शिडावरचा जोर जवळपास दुप्पट. म्हणून शंका असेल तर शीड बंदरातच रीफ करून आखडून घ्या. मोकळं करणं दोन मिनिटांचं काम आहे. उसळत्या बोटीवर आखडणं नाही.

सगळ्यात जास्त चुकतं ते पर्यायी बंदर. नकाशावर जवळ दिसणारी खाडी ऐनवेळी बंदच असू शकते, कारण मुखाशी वाळूचा दांडा असतो. समजा दांड्यावर नकाशातली खोली (ती अगदी नीचांकी ओहोटीची असते, भरतीचं पाणी तिच्यावर मोजतात) ०.६ मीटर, बोट पाण्याखाली १.७ मीटर, आणि तळाशी ०.७ मीटर मोकळं हवं. १.७ आणि ०.७ मिळून २.४, त्यातून ०.६ वजा केले की भरतीचं पाणी १.८ मीटर तरी लागतं. त्या दिवशी ओहोटी ०.८ आणि भरती ३.८ असेल, तर फरक ३ मीटर. पाणी सहा तासांत १, २, ३, ३, २, १ अशा बाराव्या हिश्शांनी चढतं. दोन तासांनी १.५५, तीन तासांनी २.३. म्हणजे ओहोटीनंतर साधारण अडीच तासांनी दार उघडतं, तेही समुद्र शांत असेल तर. लाटा असतील तर आणखी थांबा. आणि शिरायचं ते चढत्या पाण्यावर. तळ लागलाच तर पाणीच बोट उचलतं; उतरत्या पाण्यावर रुतलात तर पुढच्या भरतीपर्यंत बसून राहावं लागतं. वारा समुद्राकडून आणि खाडीचं पाणी बाहेर जोरात पडतंय, अशा वेळी दांड्यावर लाटा उभ्या राहून फुटतात. तेव्हा बाहेर खोल पाण्यातच राहणं बरं.

‘दोन दिवस पुढे ढकलू, बेत तोच’ हेही इथेच फसतं. भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते. दोन दिवसांत ते दार १ तास ४० मिनिटं उशिरा उघडेल, कदाचित अंधारात. तक्ता पुन्हा काढा.

रात्र नांगरावर काढायची झाली तर भरतीच्या वेळची खोली धरा, त्यात नाळेची, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाची, पाण्यापासूनची उंची मिळवा आणि त्याच्या ५ पट साखळी सोडा. बहुतांश दोर असेल तर ७ पट. डिझेल तीन हिश्शांत वाटा: जायला, यायला आणि राखीव. पिण्याचं पाणी माणशी रोज ३ लिटर. बोट लागते त्यांनी गोळी डॉक्टरांना विचारून निघण्याआधी घ्यायची, उलट्या सुरू झाल्यावर ती पोटात टिकत नाही.

किनाऱ्यावर एक माणूस नेमा. त्याच्याकडे बोटीचं वर्णन, माणसांची नावं, मार्ग आणि ‘अमुक वाजेपर्यंत निरोप नाही आला तर बचाव यंत्रणेला कळव’ अशी वेळ लिहून द्या. बेत बदलला की मोबाइलला रेंज आहे तोवर त्याला सांगा, भूशिरामागे ती बऱ्याचदा जाते. तुम्ही खाडीत निवांत जेवत असताना शोधनौका जुन्या मार्गावर फिरत राहतात, ते याच एका न केलेल्या फोनमुळे.