प्राथमिकच्या वर्गात फुकटचे ऑनलाइन खेळ वापरावेत का? वापरायचे तर कोणते?

तुम्ही लिहिलंय की तिसरी-चौथीचा जोडवर्ग आहे, शाळेला नवा प्रोजेक्टर मिळालाय आणि फुकटात चालणाऱ्या खेळांची यादी हवी आहे. यादी देते, छोटीशीच देते. पण ‘फुकट’ हा शब्द वाचला की मला रमी आठवते, म्हणून आधी ती.

मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात एका सरकारी मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. एकतीस मुलं, दोन शिक्षिका. तिसरी-चौथीची सतरा माझ्याकडे. २०२२ची गोष्ट. बेरजेचा एक खेळ मी घरी रात्री खेळून पाहिला होता. तळ्यात आकडे तरंगतात, बेडूक बरोबर आकड्यावर उडी मारतो. गोड खेळ. दुसऱ्या दिवशी मोबाइल प्रोजेक्टरला जोडला आणि मुलं ओरडून ओरडून बेडकाला उड्या मारायला लावू लागली. पाचव्या-सहाव्या उडीनंतर तळं गेलं आणि भिंतभर पत्ते उडायला लागले. चमचमत्या कपड्यातली एक बाई, नाण्यांचा पाऊस, ‘आत्ताच खेळा’. कोपऱ्यातली फुली तिळाएवढी. ती दाबायला गेले तर ॲप उतरवायचं पान उघडलं.

वर्ग शांत झाला असता तर निभावलं असतं. पण मागच्या बाकावरून आवाज आला, “टीचर, हें म्हज्या पप्पाच्या मोबायलार आसा!” लगेच दुसरा, “कॅसिनो! पणजेच्या बोटीर आसता तो!” मांडवी नदीतल्या कॅसिनोच्या बोटी आमच्या मुलांनी पुलावरून जाताना पाहिलेल्या असतात, ओळखायला वेळ लागत नाही. नेमके त्याच वेळी एक पालक मुलीला लवकर न्यायला दारात उभे. संध्याकाळपर्यंत अख्ख्या वाड्यावर झालं, टीचर वर्गात रमी शिकवते. पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत मी उभी राहून माफी मागितली. ज्यांच्या मोबाइलवर ती रमी खरोखर होती, ते पहिल्या रांगेत बसून मान हलवत होते.

तेव्हा पहिलं उत्तर हे की जाहिरात दाखवणारा खेळ वर्गात आणायचा नाही. कितीही गोड असो. २०२५च्या कायद्याने पैशांचे ऑनलाइन खेळ आणि त्यांच्या जाहिराती यांवर बंदी आली आहे, त्यामुळे तुमच्या भिंतीवर रमी कदाचित येणार नाही. गोरं करणारं क्रीम येईल. फुली तेवढीच राहील.

दुसरं म्हणजे पन्नास लिंकांची यादी कुणाकडून घेऊ नका. मला एका प्रशिक्षणात अशी यादी मिळाली होती, मी ती वहीत सुबक अक्षरात उतरवून ठेवली होती. २०२०च्या डिसेंबरअखेर अडोबी कंपनीने फ्लॅश, म्हणजे ब्राउझरमध्ये असे खेळ चालवणारं साधन, बंद केलं आणि त्या यादीतले निम्म्याहून जास्त खेळ उघडेनासे झाले. वही अजून आहे.

आता जे चाललं ते सांगते, आणि इथे मी थोडा भाव खाणार आहे.

प्लिकर्स नावाचं एक साधन आहे. मुलांच्या हातात मोबाइल लागत नाही, फक्त कागदाची कार्डं. प्रत्येक कार्डावर काळ्या चौकोनांची वेगळी नक्षी, चार बाजूंना बारीक अक्षरात ए, बी, सी, डी. प्रश्न फळ्यावर. मुलाने आपल्या उत्तराची बाजू वर करून कार्ड धरायचं, आपण मोबाइलचा कॅमेरा वर्गावरून फिरवायचा. कोणाचं बरोबर, कोणाचं चूक, तिथल्या तिथे. नक्षी सगळ्यांची वेगळी, त्यामुळे शेजारच्याचं बघून काही कळत नाही.

पहिल्या दिवशी मी चौथाई आणि आठवा भाग शिकवून संपवलं होतं. “कळलं?” “होऽऽ टीचर!” सतरा तोंडांनी एका सुरात. वीस वर्षं मी ह्या ‘होऽऽ’वर विश्वास ठेवून पुढचा धडा घेत आले होते. मग कार्डं वर करायला लावली: १/४ मोठा की १/८? पाच बरोबर. सतरापैकी पाच. आणि त्यातले दोघं कसंही शिकवलं तरी बरोबरच असतात, म्हणजे माझी खरी कमाई तीन. आठ चारापेक्षा मोठे, म्हणून १/८ मोठा. मुलांचं अगदी सरळ चाललं होतं, ‘होऽऽ’ खोटं नव्हतं. त्यांना काहीतरी कळलंच होतं, फक्त ते चुकीचं होतं.

मग मी फेट काढलं, म्हणजे गणित-विज्ञानाची पडद्यावर हलवून बघायची चित्रं. नोबेल मिळालेल्या कार्ल वायमन यांनी २००२ साली अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात सुरू केलेला हा प्रकल्प. जाहिरात नाही, पैसे नाहीत, आणि आमच्यासारख्यांसाठी मोठी गोष्ट म्हणजे फाइल एकदा उतरवून ठेवली की नेटशिवाय चालते. आमच्या शाळेत नेट व्हरांड्याच्या एका खांबापाशी येतं, आणि पावसात तिथेही रुसतं. अपूर्णांकाच्या खेळात छेदाची संख्या एकेक वाढवत गेलं की वर्तुळाचे तुकडे डोळ्यांदेखत बारीक होत जातात. मी एकेका मुलाला पुढे बोलावून बाण दाबायला लावला. चारवरून आठवर जाताना एक मुलगी हळूच म्हणाली, “तुकडो ल्हान जालो.” मग पोदेराकडून, म्हणजे पाववाल्याकडून, आणलेला उंडो (गोल पाव) काढला, सुरीने आधी चार केले, मग आठ, आणि विचारलं, कुठला पाहिजे? आठातला कोणी घेईना. दोन दिवसांनी पुन्हा कार्डं. तेरा बरोबर.

आता प्रामाणिकपणे, हे फेटने झालं की उंड्याने, मला सांगता येणार नाही. बहुधा उंड्याने. पण उंडो लागणार आहे हे मला त्या कार्डांमुळे कळलं.

हे सगळं एवढं लांबवून सांगायचं कारण माझ्या नणंदबाई. त्या एका खासगी इंग्रजी शाळेत आहेत. २०११ साली गोवा सरकारने इंग्रजी प्राथमिक शाळांनाही अनुदान द्यायचं ठरवलं, तेव्हापासून आमच्या घरात दर चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, हा विषय निघतोच, नेवऱ्यांसोबत (करंज्यांसोबत). गेल्या चवथीला त्यांचं पालुपद होतं की त्यांच्या शाळेत प्रत्येक मुलाला टॅब, वर्षाची वर्गणी भरलेलं ॲप, “आणि तुमच्याकडे अजून कागदाची कार्डं?” त्यांचा मुलगा चौथीत. त्याने ॲपमध्ये जमवलेले तारे मला दाखवले, चार हजारांच्या वर होते. विसर्जन झाल्यावर आम्ही माटोळीची, म्हणजे गणपतीच्या वर टांगलेल्या फळांतली, पपई उतरवून कापत होतो. मी त्याला सहज विचारलं, मोठा तुकडा हवा ना? मग एक अष्टमांश घेतोस की एक चतुर्थांश?

“अष्टमांश.”

वन्सं म्हणाल्या, त्याला मराठी शब्द कुठे कळतात, इंग्रजीत विचार. इंग्रजीत विचारलं. परत अष्टमांशच. मी त्याच्या ताटलीत पपईचा आठवा भाग ठेवला. स्वयंपाकघरात कोणी काही बोललं नाही. सासूबाईंनी मग त्याला आणखी दिली.

ॲपमध्ये तारे कसे मिळतात ते मी नंतर बघितलं. चुकलं की पुन्हा दाबा, पुन्हा चुकलं की पुन्हा. चार पर्यायांत चौथ्यांदा तरी बरोबर येणारच, आणि तारा मिळतो. टॅब प्रत्येकाच्या हातात आहे म्हणजे प्रत्येक मूल विचार करतंय, हे वन्संना मान्य आहे, मला नाही. काहूट या ऑनलाइन प्रश्नमंजूषेबद्दलही माझं हेच मत. जो आधी दाबेल त्याला जास्त गुण. मोठ्या मुलांना मजा असेल, पण तिसरीत जे मूल अजून प्रश्नच वाचतंय ते पहिल्या दोन प्रश्नांत बाद होतं आणि उरलेला तास पेन्सिल चावतं.

हो, एक राहिलं. माझ्या वर्गातल्या त्या सतरापैकी चौघं अजून आठवा भागच मोठा म्हणतात. हे मी पपई कापताना बोलले नाही.

तर यादी. प्लिकर्स, फेट, आणि पहिली-दुसरीसाठी टक्स पेंट (चित्रं काढायचं) नि जीकॉम्प्रिस (छोट्या शिकण्याच्या खेळांचा संच). शेवटचे दोन संगणकावर एकदा टाकले की नेट लागत नाही, जाहिरात येत नाही. जुन्या, कुरकुरणाऱ्या संगणकावरही चालतात, म्हणजे शाळेत जो आहे त्यावर. सोमवारी सकाळी पहिल्या तासाला काही लावू नका, लायट जाते.

मुलांची खरी नावं, फोटो, जन्मतारखा कुठल्याही साइटवर भरू नका. २०२३च्या डेटा संरक्षण कायद्यात अठराच्या आतल्या मुलांची माहिती घ्यायला पालकांची संमती लागते असं म्हटलंय. पालक सही करतीलही, पण कशावर केली ते वाचणार नाहीत, म्हणून ती जबाबदारी आपली. मी कार्डांना फक्त हजेरी क्रमांक देते. आणि दिवसाला दहा-पंधरा मिनिटांपलीकडे प्रोजेक्टर लावत नाही, कारण खिडक्या बंद केल्या की अर्ध्या मुलांना झोप येते.

कार्डं जाड कागदावर छापा. चकचकीत लॅमिनेशन करू नका, ट्यूबलाइटची तिरीप पडते आणि कॅमेऱ्याला नक्षी दिसत नाही. माझा पहिला संच असाच फुकट गेला. पंखा बंद करून घ्या, कार्डं फडफडतात. एक-दोन जादा छापून ठेवा. आमच्याकडे सात नंबरचा कोपरा कोणीतरी चावून खाल्लाय, आणि सात नंबरवाली म्हणते ती नाही.