सकाळी गाडी उशिरा स्टार्ट होते, बॅटरी बदलावी का?

तुम्ही लिहिलंय की गाडी पेट्रोल-सीएनजी आहे, सात वर्षं जुनी. सकाळी पाच-सहा सेकंद सेल्फ मारावा लागतो, दिवसभर मात्र पटकन स्टार्ट होते आणि गॅरेजवाला बॅटरी बदला म्हणतो. एवढ्यात बदलू नका.

माझं रोजचं काम गाड्यांच्या वायरिंगचं. अशी गाडी आली की बॉनेट उघडण्याआधी मी चावी फिरवून नुसता ऐकतो. सेल्फ कण्हत, रडतखडत फिरतोय, की झपझप फिरतोय आणि इंजिनच पकडत नाही? कण्हत असेल तर बॅटरी, टर्मिनल, अर्थिंग किंवा खुद्द सेल्फ बघायचा. झपझप फिरत असेल तर पेट्रोल किंवा स्पार्क. तुमचा सेल्फ पाच-सहा सेकंद एकसारखा जोरात फिरत असेल, तर बॅटरी बिचारी तिचं काम करतेय.

तरी खात्री करायची तर साधा मल्टिमीटर पुरे. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवत असेल तर ती भरलेली आहे, 12.2 म्हणजे साधारण अर्धी. पण खरा आकडा सेल्फ मारताना कळतो, तेव्हा चावी दुसऱ्या कुणाला तरी फिरवायला सांगा. 9.6 च्या खाली गेला तर बॅटरीवर संशय घ्या. दहाच्या वर राहूनही सेल्फ जड फिरत असेल, तर टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी आणि इंजिनची अर्थिंगची पट्टी आधी तपासा. नव्या बॅटरीने तो दोष जात नाही.

तुमच्या गाडीत मला पेट्रोलचाच संशय येतो. काही नव्या टाटा गाड्या थेट सीएनजीवर सुरू होतात, पण बहुतेक सीएनजी गाड्या पेट्रोलवर स्टार्ट होतात आणि इंजिन तापलं की गॅसवर जातात. सीएनजी स्वस्त, म्हणून आपण पेट्रोलचा काटा कायम तळाला ठेवतो. पंप टाकीत पेट्रोलमध्ये बुडालेला असतो, थंडही त्यानेच राहतो. पेट्रोल कमी असलं की तो तापतो, झिजतो. वर शिळं पेट्रोल इंजेक्टरमध्ये, म्हणजे इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या नळीत, चिकटा धरतं. पंपाचा एकमार्गी व्हॉल्व्ह गळायला लागला की रात्रीतून लाइनमधलं प्रेशर उतरतं आणि सकाळी ते भरेपर्यंत तुम्ही सेल्फ मारत बसता. दिवसा दोन स्टार्टमध्ये तेवढा वेळ जात नाही, म्हणून तेव्हा त्रास नाही.

हे फुकटात तपासता येतं. उद्या सकाळी चावी फक्त ऑनवर न्या, सेल्फ मारू नका. मागच्या सीटखालून दोनेक सेकंद बारीक गुणगुण ऐकू येईल, तो पंप. चावी बंद करा, परत ऑन करा. असं दोन-तीनदा करून मग सेल्फ मारा. (बटणाची गाडी असेल तर ब्रेक-क्लच न दाबता बटण दाबून इग्निशन ऑन करायचं.) लगेच स्टार्ट झाली तर प्रेशरच उतरतंय हे जवळजवळ नक्की. सुरू होताना काळा धूर, पेट्रोलचा वास आणि थरथर असेल तर मात्र इंजेक्टर टिपकतोय का ते आधी बघायला लावा. गॅरेजमध्ये फ्युएल प्रेशरचं गेज लावून इंजिन बंद केल्यावर काटा किती वेळ टिकतो ते तुमच्यासमोर दाखवायला सांगा. पंप महाग आहे, अंदाजाने बदलू देऊ नका.

काहीच फरक पडला नाही, तर स्पार्क प्लग काढून बघा. शिवाय थंड गाडीला स्कॅनर लावून कूलंटचं तापमान वाचा. सकाळी सकाळी ते 80 अंश दाखवत असेल तर सेन्सर खोटं बोलतोय आणि इंजिनला पेट्रोल कमी मिळतंय.

तोवर टाकीत दहा लिटर ताजं पेट्रोल टाका आणि थोडे दिवस रोज काही किलोमीटर पेट्रोलवर चालवा. सेल्फ एका दमात दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका, मध्ये अर्धा मिनिट थांबा. नाहीतर उगाच त्याचेही कार्बन, म्हणजे आतले ब्रश, बदलावे लागतील.