जात, बाईपण आणि भाड्याचे घर : ही बेरीज का जमत नाही?

आपला प्रश्न असा आहे की, स्त्री म्हणून सोसावा लागणारा भेदभाव आणि जातीमुळे वाट्याला येणारा भेदभाव यांची बेरीज केली, की दलित स्त्रीचा अनुभव हाती येतो का. माझे उत्तर ‘नाही’ असे आहे, आणि बडोद्यात भाड्याने घर शोधताना त्याचे कारण फार लवकर कळते.

आमच्या परिचयातील एक मराठी परिचारिका, अनुसूचित जातीतील आणि एकटी राहणारी, घर शोधत होती तेव्हा मी तिच्यासोबत एका सोसायटीत गेलो होतो. घरमालकांनी कुलूप काढण्याआधीच ‘तमे केवा?’ असे विचारले. गुजरातेत जात विचारण्याची ही सभ्य रीत आहे. मराठी आडनावावरून त्यांना काही उलगडले नाही, तेव्हा गाव विचारले, मग मांसाहार विचारला, आणि शेवटी ‘आम्ही फक्त फॅमिलीलाच देतो’ असे सांगून किल्ली खिशात ठेवली. त्याच घरमालकांच्या दुसऱ्या फ्लॅटमध्ये बँकेत नोकरी करणारी एक ब्राह्मण मुलगी एकटीच राहत होती, आणि तळमजल्यावर या परिचारिकेच्याच समाजातील एक सरकारी कर्मचारी सहकुटुंब राहत होते. म्हणजे ‘आम्ही एकट्या बाईलाही घर देतो आणि त्या जातीच्या माणसालाही देतो’ असे ते छातीठोकपणे सांगू शकत होते, आणि त्यात काही खोटेही नव्हते.

नेमका हाच युक्तिवाद अमेरिकेतील न्यायालयात टिकला होता. जनरल मोटर्सच्या एका कारखान्यात 1964 पूर्वी कृष्णवर्णीय स्त्रियांना जवळजवळ कामावर घेतलेच नव्हते; पुढे मंदी आली तेव्हा शेवटी आलेल्यांना आधी कमी करण्याच्या नियमाने त्यांच्याच नोकऱ्या गेल्या. 1976 च्या निकालात न्यायालयाने म्हटले की, कंपनीने स्त्रियांना नोकऱ्या दिल्या होत्या (त्या गोऱ्या होत्या, ही गोष्ट वेगळी), त्यामुळे लिंगभेद सिद्ध होत नाही, आणि वंश व लिंग या दोन तक्रारी जोडून तिसरी तक्रार करता येणार नाही. या निकालातील फट अमेरिकी कायदेतज्ज्ञ किंबर्ले क्रेनशॉ यांनी 1989 मध्ये दाखवून दिली, आणि या विषयाला आज जे ‘इंटरसेक्शनॅलिटी’ हे नाव आहे ते त्यांच्याच लेखातून आले.

एक ओळख दुसरीला तारून नेईल, असेही गृहीत धरू नये. 1917 मध्ये डॉ. आंबेडकर बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले, तेव्हा ते परदेशात शिकलेले, मराठी राजवटीतील मराठी अधिकारी होते, आणि तरीही जात लपवून उतरलेल्या पारशी पथिकाश्रमातून लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. परतीच्या गाडीची वेळ होईपर्यंत ते कमाटीबागेत बसून राहिले. आम्ही बडोद्याचे मराठी लोक सयाजीरावांनी दिलेली शिष्यवृत्ती अभिमानाने सांगतो, पण या प्रसंगाला आलो की आमचा आवाज जरा खाली जातो.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2021 मध्ये, एका अंध दलित युवतीवरील बलात्काराच्या खटल्यात, जात, लिंग आणि अपंगत्व एकमेकांत गुंतलेले असताना केवळ जातीचाच पुरावा वेगळा काढून मागणे अन्यायाचे ठरते, हे सविस्तर मांडले. बलात्काराची जन्मठेप कायम राहिली; मात्र घटना 2011 ची असल्यामुळे अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे जुने कलम लागू होते, त्यात गुन्हा ‘जातीच्या कारणावरून’ घडल्याचे दाखवावे लागे, आणि तेवढा पुरावा नसल्याने त्या कलमाखालील शिक्षा रद्द झाली. 2016 पासून पीडितेची जात आरोपीला ठाऊक असणे पुरेसे आहे.

भाड्याच्या घरापर्यंत मात्र ही सुधारणा पोहोचत नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद 15(2) मध्ये दुकाने, हॉटेले, विहिरी, रस्ते यांचा उल्लेख आहे, खासगी घराचा नाही. त्यामुळे आपण अशा नकारांची नोंद ठेवणार असाल, तर त्याच मालकाने एकट्या सवर्ण स्त्रीला आणि त्याच जातीच्या कुटुंबाला काय उत्तर दिले, हेही सोबत लिहून ठेवा.