‘दाहक संकेत’ म्हणावे का?

प्रश्न असा आला आहे: त्वचेवरच्या एका शास्त्रीय लेखाचे मराठी करताना ‘इन्फ्लमेटरी सिग्नल्स’साठी ‘दाहक संकेतांमुळे पेशींतील कोलॅजेनची निर्मिती घटते’ असे लिहिले, तर ते बरोबर का? की ‘सुजेचे संकेत’ म्हणावे?

‘दाहक’ मला खटकतो. मराठीत दाहक म्हणजे जे स्वतः भाजते, जाळते. दाहक सोडा आठवा. इथे विषय टीएनएफ-अल्फासारख्या प्रथिनांचा आहे. ती काही जाळत नाहीत. ती एका पेशीकडून दुसरीकडे जातात, कोलॅजेन (त्वचेला बळकटी देणारे प्रथिन) घडवणाऱ्या तंतुजनक पेशीच्या आवरणावरील ग्राहीला (रिसेप्टरला) जाऊन चिकटतात आणि तो निरोप आत केंद्रकापर्यंत पोचतो. मग कोलॅजेनच्या जनुकांचे काम मंदावते, आणि तयार कोलॅजेन तोडणारे कोलॅजिनेज हे विकर (एन्झाइम) मात्र जास्त बनू लागते. म्हणजे नवे कमी बनते आणि जुनेही तुटते.

‘सूज’ तर इथे बसतच नाही. पहिल्या शतकात रोमच्या सेल्सस या वैद्यकलेखकाने दाहाची (इन्फ्लमेशनची) चार लक्षणे सांगितली: लाली, सूज, उष्णता, वेदना. सूज हे त्यातले एक. प्रयोगशाळेतल्या बशीत वाढवलेल्या पेशींच्या थरात रक्तवाहिन्या नसतात, सुजायला ऊतकही नसते; तरी त्यात टीएनएफ-अल्फा घातले की कोलॅजेन कमी होते. ‘शोथ’ परिभाषेत रुळला आहे (संधिशोथ, यकृतशोथ), पण त्याचाही मूळ अर्थ सूजच.

राहिला ‘संकेत’. ‘पावसाचे संकेत’ म्हणतो तेव्हा पाऊस येणार असल्याची चाहूल अभिप्रेत असते. ‘दाहाचे संकेत’ वाचून वाचकाला दाहाची लक्षणेच वाटतील. म्हणून मी ‘संदेश’ घेईन, आणि विशेषण ‘दाहप्रेरक’. दाह चेतवणारा, स्वतः न जाळणारा, हा फरक त्या एका शब्दात नेमका उतरतो.

आणखी एक. संदेशाचे नाव वाक्यात यायलाच हवे. जखम भरताना टीजीएफ-बीटा हा संदेशही सुटतो आणि तो कोलॅजेन उलट वाढवतो; जास्त झाला तर जाड व्रण उरतो. सगळे एका ‘दाहा’त कोंबले की विधानच चुकते. तेव्हा वाक्य असे करा: ‘टीएनएफ-अल्फासारख्या दाहप्रेरक संदेशांमुळे त्वचेतील तंतुजनक पेशी कोलॅजेन कमी घडवतात.’